समुद्रावरच्या तीन गोदावरी

फाळणीत गोदावरी पाकिस्तानच्या वाट्याला गेली. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणारी नदी नव्हे, तिच्या नावाची युद्धनौका. १९४७ मध्ये रॉयल इंडियन नेव्हीची वाटणी झाली, तेव्हा ताफ्यातल्या सगळ्यात उपयोगी जहाजांत सहा स्लूप होत्या आणि सहाही नद्यांच्या नावांच्या होत्या: सतलज, जमना, कृष्णा, कावेरी, नर्मदा, गोदावरी. चार भारताला, दोन पाकिस्तानला असा हिशेब ठरला. वाटणी कागदावर झाली आणि कागदाला भूगोल कळत नाही. पाकिस्तानातून वाहणाऱ्या सतलजच्या नावाची नौका भारताकडे राहिली. ज्या नद्यांचा त्या देशाशी काडीचा संबंध नाही, त्या नर्मदा आणि गोदावरी मात्र कराचीला गेल्या. तिथे ही नावं टिकणं शक्यच नव्हतं. नर्मदेची झेलम झाली, गोदावरीची सिंध.

भारताकडे नौका उरली नाही, पण नाव उरलं. पुढच्या अडुसष्ट वर्षांत भारतीय नौदलाने ते आणखी दोनदा वापरलं. या तीन जहाजांचा एकमेकांशी ना आकाराने संबंध, ना वंशाने. एक इंग्रजांनी आपल्यासाठी बांधलेलं, एक इंग्रजांनी बांधून पोलंडला दिलेलं आणि फिरून आपल्याकडे आलेलं, एक आपण माझगावला बांधलेलं. तरी तिघींची हकिगत सलग सांगितली, तर आपल्या नौदलाचा इतिहास जवळजवळ पुरा होतो.

पहिलीचा जन्म साउदॅम्प्टनजवळ वूल्स्टनला, थॉर्नीक्रॉफ्ट कंपनीच्या गोदीत झाला. २१ जानेवारी १९४३ ला ती पाण्यात उतरली आणि जूनअखेर नौदलात दाखल झाली. ही ब्लॅक स्वान वर्गातली नौका, तेराशे टनांच्या आसपास वजनाची, चार इंची सहा तोफांची. वेग बेताचा, विसाच्या आत-बाहेर नॉट. पण स्लूपचं काम शर्यतीचं नव्हतंच. व्यापारी जहाजांच्या काफिल्याबरोबर संथपणे चालायचं, पाण्याखालच्या हालचालीचा कानोसा घ्यायचा आणि पाणबुडी सापडली की तिचा पिच्छा सोडायचा नाही, हे तिचं काम.

ते तिने १२ ऑगस्ट १९४४ ला सेशेल्स बेटांजवळ चोख बजावलं. यू-१९८ नावाची लांब पल्ल्याची जर्मन पाणबुडी तेव्हा पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ मालवाहू जहाजं बुडवत फिरत होती. तिला हुडकायला ‘बेगम’ आणि ‘शाह’ या दोन विमानवाहू नौका निघाल्या. नावं ऐकून त्या आपल्या वाटतील, पण दोन्ही ब्रिटिश नौदलाच्या. साम्राज्याला आपल्या जहाजांना अशी पौर्वात्य नावं ठेवण्याची हौस होती. विमानांनी माग काढला आणि शेवटचा घाव ‘फाइंडहॉर्न’ ही ब्रिटिश फ्रिगेट आणि आपली गोदावरी यांनी मिळून घातला. पाणबुडीतले सहासष्टच्या सहासष्ट जण गेले. दुसऱ्या महायुद्धात भारतीय युद्धनौकेने शत्रूची पाणबुडी बुडवल्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके आहेत, त्यांतला हा एक. तीनच वर्षांनी ज्या पोलादाने हा पराक्रम केला ते परदेशाचं झालं, आणि ज्या नावाने केला ते इथेच राहिलं. मग या पराक्रमाचा धनी कोण? कायद्याने याचं उत्तर देता येणार नाही. नौदलाच्या रीतीने देता येतं: नावाचा पराक्रम नावाकडे.

ही रीत जगभरच्या नौदलांची आहे. जहाज निवृत्त होतं किंवा बुडतं, नाव पुन्हा यादीत जमा होतं आणि काही वर्षांनी नव्या सांगाड्यावर चढतं. विक्रांतचं उदाहरण मुंबईकरांना तोंडपाठ आहे. पहिली ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली, काही वर्षं संग्रहालय म्हणून मुंबईत उभी राहिली आणि २०१४ मध्ये दारूखान्यात तुटली. दुसरी २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत दाखल झाली, आर-११ हा जुनाच क्रमांक घेऊन. खुकरीचं उदाहरण अधिक बोलकं आहे. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने खुकरी बुडवली. अठरा अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत. दर्यावर्दी माणूस शकुन-अपशकुन बराच मानतो. बुडालेल्या जहाजाचं नाव पुन्हा ठेवायला कोणीही कचरलं असतं. नौदलाने १९८९ मध्ये माझगावला बांधलेल्या नव्या कॉर्व्हेटला तेच नाव दिलं, आणि ती बत्तीस वर्षं धडधाकट चालली.

घराण्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, पण तिथे रक्ताचा धागा असतो. दुसऱ्या गोदावरीत तोही नव्हता. ती दत्तक आलेली, आणि येण्याआधी दोन घरं पाहिलेली.

टाइन नदीकाठी हेबर्नच्या गोदीत २३ जुलै १९४१ ला ती पाण्यात उतरली, तेव्हा तिचं नाव होतं बेडेल. ब्रिटिशांनी हंट वर्गाच्या या छोट्या विनाशिकांना कोल्ह्याच्या शिकारी करणाऱ्या उमराव मंडळींच्या कंपूंची नावं दिली होती. बेडेल हा यॉर्कशरमधला असा एक कंपू. लंडन बॉम्बहल्ल्यांनी भाजून निघत असताना युद्धनौकांना कोल्ह्यांच्या शिकारीची नावं ठेवायची, हे इंग्रजच करू जाणे. ते नाव घेऊन मात्र ती लढली नाही. १९४२ च्या एप्रिलमध्ये ती इंग्लंडमध्ये आश्रय घेतलेल्या पोलिश नौदलाला दिली गेली आणि तिचं नाव झालं श्लोंझाक, म्हणजे सायलेशिया प्रांताचा माणूस. देश हिटलरच्या टाचेखाली, आणि त्या देशातल्या एका प्रांताचं नाव ब्रिटिश पोलादावर. परागंदा माणसाला नावाची किंमत जास्त कळते.

चार महिन्यांत ती दिएपच्या लढाईत सापडली. १९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे सुमारे पाच हजार कॅनेडियन सैनिक आणि त्यांच्या जोडीला ब्रिटिश कमांडो फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरवायचे होते. डाव्या बगलेकडे कमांडोंच्या बोटी अंधारात एका जर्मन काफिल्यावर आदळल्या आणि गोळीबार सुरू झाला. श्लोंझाक आणि ‘ब्रॉकल्सबी’ या त्या बाजूच्या राखणदार विनाशिका काही मैलांवर होत्या. श्लोंझाकचा कप्तान रोमुआल्ड तिमिन्स्की याला वाटलं, गोळीबार किनाऱ्यावरून होतोय. त्याने जहाज तिकडे वळवलं नाही. इतिहासकारांनी या निर्णयावर बरीच शाई खर्च केली आहे. मला तिमिन्स्कीला दोष द्यावासा वाटत नाही. रात्रीच्या समुद्रावर लुकलुकणारे उजेड किनाऱ्याचे की जहाजांचे, हे दिवसा खुर्चीत बसून ठरवणं सोपं आहे. दिवस उजाडल्यावर त्याच श्लोंझाकने डोक्यावर जर्मन विमानं घोंघावत असताना पाण्यात तरंगणारे सैनिक उचलून घेतले. नऊशेहून अधिक कॅनेडियन त्या मोहिमेत मेले. जे परतले त्यांतले काही या जहाजाच्या डेकवर ओलेचिंब बसून परतले. दोन वर्षांनी, ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांची सेना उतरली, तेव्हाही ती तोफा डागत हजर होती.

युद्ध संपलं, पोलंड कम्युनिस्टांच्या हाती गेलं, आणि जहाज ब्रिटनकडे परतून पुन्हा बेडेल झालं. १९५३ मध्ये भारताने अशा तीन हंट विनाशिका आधी उसन्या घेतल्या आणि पुढे विकत घेतल्या. चिडिंगफोल्डची झाली गंगा, लॅमर्टनची गोमती, बेडेलची गोदावरी. तेव्हाचं आपलं नौदल असं वापरलेल्या जहाजांवरच उभं होतं. ताफ्याचा मानबिंदू असलेली ‘दिल्ली’ ही क्रूझर म्हणजे आधीची ‘अकिलीस’, जिने १९३९ मध्ये रिव्हर प्लेटच्या लढाईत जर्मनांच्या ‘ग्राफ श्पे’शी झुंज घेतली होती. त्या लढाईवर इंग्रजांनी १९५६ मध्ये चित्रपट काढला, तेव्हा अकिलीसच्या भूमिकेसाठी दिल्लीलाच बोलावलं. नाव बदललेल्या जहाजाने आपल्याच जुन्या नावाचं सोंग वठवलं.

दुसऱ्या गोदावरीने भारतीय निशाणाखाली वीस वर्षांहून अधिक काळ चाकरी केली. तिचा शेवट लढाईत झाला नाही. १९७६ च्या मार्चमध्ये मालदीवजवळ ती उथळ पाण्यात रुतली. तिथली बेटं म्हणजे प्रवाळाच्या कडा. पाणी काचेसारखं दिसतं आणि खाली करवत असते. पस्तिशी गाठत आलेल्या तिच्या सांगाड्याला जबर दुखापत झाली. दुरुस्तीवर पैसा घालण्यात अर्थ नव्हता. १९७९ मध्ये ती मोडीत निघाली.

तोवर माझगावला तिसरीचा सांगाडा उभा राहत होता. तिची कहाणी जरा सविस्तर सांगायला हवी, कारण इथे जहाजाबरोबर आणखी बरंच काही बांधलं गेलं. माझगाव डॉक १९६० मध्ये सरकारने ताब्यात घेतलं आणि ब्रिटिशांच्या लिअँडर फ्रिगेटच्या आराखड्यावर १९७२ पासून नीलगिरी, हिमगिरी अशा सहा नौका बांधून नौदलाला दिल्या. इंग्रजांचे नकाशे बघून बांधणं एवढंच तेव्हा जमत होतं, जरी प्रत्येक नौकेत थोडा थोडा बदल करत आपले लोक शिकत होते. सातव्या वेळी नौदलाच्या आराखडा विभागाने ठरवलं की आता नकाशाही आपलाच. लिअँडरची लांबी ११३ मीटर, वजन तीन हजार टनांच्या आतबाहेर. गोदावरी झाली १२६ मीटर लांब आणि साडेतीन हजार टनांहून जड. इंजिन मात्र लिअँडरचंच ठेवलं, वाफेच्या टर्बाइनचं, तीस हजार अश्वशक्तीचं, कारण ते बनवायची आणि चालवायची सवय झाली होती. एवढं मोठं धूड त्याच ताकदीवर किती वेगाने पळेल, यावर साहजिकच शंका घेतल्या गेल्या. आपल्या आराखडाकारांनी सांगाड्याचा घाट असा बसवला की ती अठ्ठावीस नॉटच्या जवळपास पळू लागली.

खरी पंचाईत सामानाची होती. क्षेपणास्त्रं आणि तोफा सोव्हिएत, काही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा पाश्चात्य, पाण्याखालचा वेध घेणारं सोनार भारतीय. सोव्हिएत यंत्रांना लागणारी वीज वेगळ्या दाबाची नि वेगळ्या वारंवारतेची, पाश्चात्य धाटणीच्या यंत्रांना लागणारी वेगळी. ही यंत्रं एकमेकांशी बोलावीत असं ती बनवणाऱ्यांच्या मनातही कधी आलं नसेल. शीतयुद्धात समोरासमोर उभ्या असलेल्या दोन गोटांची शस्त्रं माझगावच्या कामगारांनी एका पत्र्याखाली नांदवली. शिवाय मागच्या बाजूला सी किंग जातीची दोन जड हेलिकॉप्टर मावतील एवढं हँगर. एवढ्या आकाराच्या नौकेवर एकच जड हेलिकॉप्टर बसवताना इतर देशांची दमछाक होत होती. १५ मे १९८० ला तिचं जलावतरण झालं, १० डिसेंबर १९८३ ला ती नौदलात दाखल झाली. तिच्या मागून आलेल्या दोघींची नावं गंगा आणि गोमती. १९५३ चं त्रिकूट तसंच्या तसं परत आलं, हा योगायोग असणं शक्य नाही. कोणीतरी जुनी यादी काढून बसलं होतं.

१९८६ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या शताब्दीनिमित्त देशोदेशीच्या युद्धनौका जमल्या, तेव्हा भारताकडून गोदावरी गेली. सोव्हिएत क्षेपणास्त्रं मिरवणारी नौका रेगनच्या अमेरिकेत सलामी देत होती. पाहणारे चक्रावले असतील.

आणि मग आलं मालदीव. ३ नोव्हेंबर १९८८ च्या पहाटे श्रीलंकेतल्या ‘प्लोट’ या तमिळ संघटनेचे ऐंशीच्या आसपास भाडोत्री बंदूकधारी सत्ता उलथवायला राजधानी मालेत उतरले. त्यांना आणणारा अब्दुल्ला लुथुफी नावाचा मालदीवी व्यापारी. राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम लपून बसले आणि त्यांनी जगभर मदतीचे फोन लावले. धावून गेला भारत. त्याच रात्री आग्र्याहून उडालेली विमानं मालेजवळच्या हुलहुले विमानतळावर छत्रीधारी सैनिक घेऊन उतरली. बंडखोरांचा डाव उधळला, पण त्यांनी बंदरातलं ‘प्रोग्रेस लाइट’ हे मालवाहू जहाज पळवलं आणि एक मंत्री, त्यांची स्विस पत्नी आणि इतर ओलीस घेऊन ते श्रीलंकेच्या दिशेने निघाले.

आता काम नौदलाचं होतं. टेहळणी विमानांनी जहाजावर नजर ठेवली आणि गोदावरी व बेतवा या दोन फ्रिगेट त्याच्या मागावर निघाल्या. कॅप्टन एस. व्ही. गोपालाचारी गोदावरीवर होते. गाठणं अवघड नव्हतं, पुढचं सगळं अवघड होतं. युद्धनौकेच्या एका गोळ्यात प्रोग्रेस लाइट बुडालं असतं, पण ओलिसांसकट. वाटाघाटींचा प्रयत्न झाला. बंडखोरांना श्रीलंकेत पोहोचायचं होतं, आणि हे जहाज आपल्या किनाऱ्याला लागू द्यायची श्रीलंकेची तयारी नव्हती. वेळ सरत होता, किनारा जवळ येत होता. बंडखोरांनी ओलिसांना मारायला सुरुवात केली. ६ नोव्हेंबरला सकाळी आधी इशाऱ्याचे बार झाले, हेलिकॉप्टरने जहाजाच्या वाटेवर पाण्यात स्फोट घडवले, आणि तरीही ते थांबेना तेव्हा गोदावरीने जहाजावरच मारा केला. ते थांबलं. नौसैनिक त्यावर चढले, बंडखोर पकडले गेले, वाचलेले ओलीस सुटले. प्रोग्रेस लाइट नंतर बुडालं. ज्या बेटांपाशी बारा वर्षांपूर्वी एक गोदावरी निकामी झाली होती, त्या बेटांची सत्ता राखायला तिसऱ्या गोदावरीने हातभार लावला. १९८८ ची ती कारवाई नौदलाच्या अभिमानाच्या यादीत आजही वर असते.

पुढची वर्षं कामाची. १९९४ अखेर सोमालियातून संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतले भारतीय सैनिक परत आणायचे होते, तेव्हा गंगा आणि गोदावरी दोघी गेल्या. नंतर एडनच्या आखातात चाच्यांविरुद्धची गस्त. त्याच पाण्यात १६ जून २०११ ला एक विचित्र प्रसंग घडला. ‘सुएझ’ हे इजिप्शियन मालकीचं जहाज दहा महिने सोमाली चाच्यांच्या ताब्यात राहून खंडणीवर सुटलं होतं. त्यावरच्या बावीस जणांत सहा भारतीय होते, चार पाकिस्तानी. त्यांच्या मदतीला गोदावरी निघाली आणि पाकिस्तानी नौदलाची ‘बाबर’ही. बाबर इतकी जवळ आली की गोदावरीच्या कुशीला घासून गेली आणि हेलिकॉप्टर उतरतं त्या डेकच्या कडेची जाळी फाटली. दोन देशांच्या १९९१ च्या करारानुसार युद्धनौकांनी एकमेकींपासून तीन सागरी मैल लांब राहायचं असतं. दिल्लीने निषेधाचा खलिता पाठवला, इस्लामाबादने उलटा. कोणी कोणाची वाट अडवली यावर दोन्हीकडच्या वाहिन्या तापल्या. एका गोष्टीकडे मात्र कोणाचं लक्ष गेलं नाही. बाबरही आपल्या नावाची तिसरीच होती. पहिली बाबर म्हणजे ब्रिटिशांची ‘डायडेम’ ही क्रूझर, दुसरी त्यांचीच ‘लंडन’, आणि ही तिसरी, त्यांचीच ‘अ‍ॅमेझॉन’. तिन्ही वेळा पाकिस्तानने वापरलेलं जहाज घेऊन त्याला मोगल नाव दिलं. आपण तिसऱ्या वेळी जहाज घरी बांधलं होतं. जाळी फाटली ती दुरुस्त झाली, पण ही तुलना त्या वेळी कोणी मांडली असती तर निषेधाच्या खलित्यापेक्षा जास्त बोलकी ठरली असती.

२३ डिसेंबर २०१५ ला मुंबईच्या नौदल गोदीत सूर्यास्ताला तिसऱ्या गोदावरीचं निशाण उतरलं. बत्तीस वर्षं झाली होती. गंगा २०१८ मध्ये गेली, गोमती २०२२ मध्ये. माझगावच्या त्या पहिल्या सहा फ्रिगेटची नावं, नीलगिरी, हिमगिरी आणि बाकीची, नव्या पिढीच्या नौकांना देण्यात आली. नवी नीलगिरी १५ जानेवारी २०२५ ला मुंबईतच दाखल झाली.

गोमती निवृत्त झाली तेव्हा तिची शस्त्रसामग्री लखनौला, गोमतीच्या काठी संग्रहालयात ठेवण्याचं ठरलं. दुसऱ्या खुकरीला दीवच्या प्रशासनाने २०२२ मध्ये मागून घेतलं, पहिली जिथे बुडाली त्या पाण्याकाठी. आपण मुंबईत विक्रांत टिकवू शकलो नाही. पैशाचं कारण होतं, जागेचं होतं, आणि दोन्ही कारणं खरी होती. नांगर, घंटा किंवा एखादी तोफ ठेवायला मात्र फारसा पैसाही लागत नाही आणि जागाही. नाशिकला रामकुंडाजवळ, पैठणला नाथांच्या समाधीच्या वाटेवर किंवा नांदेडच्या घाटावर, १९४३ पासून २०१५ पर्यंत या नदीच्या नावाने कोण कुठे लढलं हे सांगणारा एक दगड तरी उभा राहायला हवा. या तिन्ही शहरांतल्या महापालिका नि नगरपालिकांनी नौदलाला एक पत्र लिहावं. चौथ्या गोदावरीची मागणीही त्याच पत्रात करता येईल.